बंड आणि उठाव

कुठं हळद शिजत असली, की त्या वासानं मला सातवीतली एक दुपार आठवते. शाळेत सर म्हणाले होते, "अठराशे सत्तावन्नचं बंड लिहू नका, उठाव लिहा. बंड हा राज्य करणाऱ्यांचा शब्द." मला नवल वाटलं, कारण सासर सोडून आमच्याकडे आलेल्या माझ्या आत्याला डोंगरकडा गावात सगळे 'बंड बाई' म्हणत.

घरी आले, तेव्हा आत्या अंगणात शिजलेली हळद पसरत होती. हात पिवळेजर्द, हळकुंडांतून अजून वाफ निघत होती. मी तिला सरांचं बोलणं सांगितलं.

"उठाव म्हंजी काय गं?" तिनं विचारलं.

"उठणं."

तिनं पुढ्यातली हळकुंडं हातानं सारखी केली. मग म्हणाली, "मला जेवत्या ताटावरून उठवलं व्हतं, बाई. मंग उठलेच हाय तर चालत माहेरी जावं, म्हनलं."

मला तेव्हा दोन शब्दांतल्या फरकाचंच कौतुक होतं. ती मनाशी काय ठरवत होती, ते आत्ता कळतं.

दुसऱ्या दिवशी तिचे सासरे न्यायला आले. आत्यानंच त्यांना पाणी दिलं आणि समोर बसून सांगितलं, "मी येनार न्हाई, मामंजी."