टिळा नसलेली डबी

मागच्या वर्षी दसऱ्याच्या पाच दिवस आधी, शनिवारी दुपारी, माझ्या आत्याचं कानाचं मशीन हिंगणघाटमधल्या तिच्या घरातून भंगारात गेलं. ते मी दिलं.

आत्या निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं विज्ञान शिकवलं. एकटी राहते. दसऱ्याच्या साफसफाईला मी नागपूरहून आले होते, दसरा होईपर्यंत राहणार होते. भांडी, पडदे, माळा असं सगळं झालं होतं. उरली होती विजेची सामग्री, म्हणजे एक लोखंडी पेटी, दोन खण आणि जिन्याखालची जागा. त्यात तीन बंद मोबाइल होते, दोन मिक्सर, एक इस्त्री, टीव्हीचे रिमोट, एक टेपरेकॉर्डर आणि कशाचे ते न कळणारे अकरा चार्जर.

आत्याने कामाआधी तीन कापडी पिशव्या काढून प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी टाचली. ‘चालू’, ‘बंद’ आणि ‘विचारा’. वर्गातल्या कपाटालाही ती अशाच चिठ्ठ्या लावायची.

चालू कोणतं आणि बंद कोणतं हे ओळखायला तिच्या घरात एक सोपी खूण होती. खंडेनवमीला ती घरातल्या सगळ्या चालत्या यंत्रांना हळदकुंकवाचा टिळा लावते. फ्रिजला, शिलाई मशीनला, मोबाइलच्या चार्जरलासुद्धा. तो टिळा वर्षभर कोणी पुसत नाही. यंत्र बंद पडलं आणि दुरुस्त होणार नाही असं ठरलं की आत्या ओल्या फडक्याने टिळा पुसते आणि वस्तू जिन्याखाली ठेवते. टिळा असेल तर ठेवायचं, नसेल तर द्यायचं. सकाळी नऊला तिने हे मला सांगितलं आणि धूळ उडेल म्हणून दोन्ही कानांतली मशीनं काढून चार्जिंगच्या डबीत ठेवली. ती डबी पांढरी, मूठभर, गोल कडांची. तिने ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने त्याच टेबलावर मी जुन्या इअरफोनचा खण उपडा केला.

कानाचं मशीन घरात आलं होतं फाल्गुनात. म्हणजे त्यावर अजून एकही खंडेनवमी गेली नव्हती.

साडेबाराला गल्लीत कबाडीचा हातगाडा आला. टिळा नसलेलं सगळं मी एका पोत्यात भरून दिलं, इअरफोनच्या ढिगातली ती डबीसुद्धा. ‘विचारा’ ही पिशवी तोवर रिकामीच होती.

चारला आत्या झोपून उठली, टेबलाशी गेली, आणि टेबल पुसलेलं पाहून माझ्याकडे वळली.

“डबी कुठे ठेवलीस वो?”

मशीन नसताना तिला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून दाखवलं. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“इतकी वर्षं पेपरच्या ऑफिसात बसून लोकांच्या चुका काढल्यास,” ती म्हणाली, “अन् घरात एक प्रश्न विचारता नाही आला.”

मग तिने कॅलेंडर परत भिंतीला लावलं.

मशीनची किंमत हा मुद्दा नव्हता. मुद्दा दसऱ्याचा होता. दसऱ्याच्या संध्याकाळी तिचे जुने विद्यार्थी सोनं द्यायला येतात. कोणी हिंगणघाटातच असतं, कोणी सिंदीहून, पुलगावहून येतं. आत्या प्रत्येकाला बसवून घरची विचारपूस करते. त्याआधीच्या दसऱ्याला एक विद्यार्थी आला होता. आपट्याची पानं तिच्या हातात देऊन तो खाली मान घालून काही बोलला. आत्याला ऐकू आलं नाही. अशा वेळी ती हसून मान हलवायची, तशी तिने हलवली आणि म्हणाली, “छान झालं, बापा.” तो उठून गेला. त्याची आई महिन्यापूर्वी गेली होती, हे तिला शेजारणीकडून दुसऱ्या दिवशी कळलं. आत्याने त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तोवर दोन वर्षं ती मशीनला नाही म्हणत होती. त्यानंतर तिने स्वतः नागपूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मशीन कानाला बसायला आणि आवाजांची सवय व्हायला उन्हाळा गेला. नवीन मागवलं असतं तरी ते दसऱ्यापर्यंत मिळणार नव्हतं. हे मी शनिवारी फोन करून विचारून घेतलं.

रविवारी सकाळी सातला चौकातल्या चहाच्या टपरीवर तो गाडेवाला भेटला. साठीचा माणूस, गळ्यात दुपट्टा. मी सगळं सांगितलं. त्याने बशीतला चहा संपवला.

“नवरात्रात लोकं सोनं शोधते,” तो म्हणाला, “तुमी कान शोधून राह्यल्या.”

“पोतं आहे का तुमच्याकडे?”

“माह्याकडे काऊन राहीन? रातच्याले गोदामात टाकलं. चला, दाखवतो. पण ताई, आज तिथली गाडी नागपूरले जाते.”

गोदाम हैदराबादच्या रस्त्याला लागून होतं. वर पत्रे, तीन बाजूंनी भिंती, समोर मोकळं अंगण. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात टायरच्या ओल्या खुणा होत्या. गाडी सहाला गेली होती. माझं पोतं रिकामं होऊन इतर पोत्यांवर घडी करून ठेवलेलं होतं. मी ते कोपऱ्यातल्या निळ्या शाईच्या डागावरून ओळखलं.

आत एक बाई पाटावर बसून काम करत होती. वय पन्नाशीच्या पुढे, नऊवारीचा काचा मारलेला, दोन्ही तर्जन्यांना कापडाच्या पट्ट्या. समोर सुटा केलेला टीव्ही. गोदामातली सगळी छाटणी तिच्याकडे आहे, असं गाडेवाल्याने सांगितलं. ती वर न पाहता म्हणाली, “काय हरवलं?”

मी सांगितलं.

“पांढरं प्लास्टिक तं गेलं गाडीत,” ती म्हणाली. मग हात थांबवला. “चार्ज होते का ते?”

“हो.”

“म्हणजे आत बॅटरी हाय.”

“हो, लहान आहे.”

“लहान-मोठी काही नाई. बॅटरी हाय तं ते गाडीत नाई गेलं. बसा.”

ती हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठली नाही. त्या दहा मिनिटांत मी तिचं काम पाहिलं. वृत्तपत्रात असताना मी कारखाने पाहिले, छापखाने पाहिले, हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगवर बातम्या केल्या. इतका नेमका हात फार थोडा पाहिला आहे. स्क्रू निघाला की तो डाव्या हाताच्या वाटीत जायचा आणि वाटीत लोहचुंबक होतं, त्यामुळे एकही सांडत नव्हता. तांब्याची तार ती जाळत नव्हती. सुरीने वरचं आवरण चिरून शेंगेसारखं सोलत होती. हिरव्या पट्ट्या, म्हणजे आतली सर्किटं, उभ्या करून एका खोक्यात लावलेल्या होत्या. एकीवर एक टाकल्या तर मोडतात आणि मग नागपूरचा कारखाना त्या नीट घेत नाही, असं तिने सांगितलं. प्लास्टिकचा तुकडा ती आधी फरशीवर टाकायची, आवाज ऐकायची आणि मग दोनपैकी एका ढिगात फेकायची. मी तिला दोन सारखे दिसणारे काळे तुकडे दाखवले. तिने ते न पाहता फरशीवर टाकले.

“हे खणकन बोलते, हे ठप्प बोलते. दोन जातीचं हाय.”

“हे कुठे शिकलात?”

“शिकतो कायले? पहिले जिनिंगमंदी होतो. कापसातली पत्ती येचत होतो, अठरा वर्षं. कचरा वायला, येगळा करणं तेच तं हाय.”

मग ती उठली आणि मागच्या भिंतीकडे गेली. तिथे सावलीत लोखंडी ड्रम अर्धे कापून ठेवले होते आणि त्यात कोरडी वाळू भरली होती. वणा नदीची वाळू, चाळून वाळवलेली. बॅटरी असलेली कोणतीही वस्तू आली की ती आधी इथे येते, आठ दिवस वाळूत राहते आणि मगच वेगळ्या खोक्यातून पुढे जाते. गाडीची कितीही घाई असो, यात बदल नाही.

“एकदा मोबाइलची फुगलेली बॅटरी ढिगात दबली,” ती म्हणाली. “पेटली. शेजारी रुईचे गठ्ठे होते. तवापासून मालकाले सांगतलं, हे माह्या हिशोबानं चालीन, नाई तं मी जिनिंगमंदी वापस जातो.”

“मालक ऐकते,” गाडेवाला म्हणाला. “सारं गोदाम ऐकते. मीबी ऐकतो.”

“तू कायचा ऐकतं? काल रेडिओ पावसात आणला.”

तिने तिसऱ्या ड्रममधून एक दुधाची रिकामी पिशवी काढली. पिशवीला गाठ मारलेली. गाठ सोडली आणि डबी माझ्या हातावर ठेवली. वाळूचा एक कणही आत गेला नव्हता. झाकण उघडलं. दोन्ही मशीनं होती.

“वाळूत उघडी टाकली नाई,” ती म्हणाली. “पुसून ठेवलेली होती. मोडक्या वस्तूले इतकं पुसून कोणी ठेवत नाई. म्हटलं, कोणी तरी येईनच.” मग माझ्याकडे पाहून ती पुढे म्हणाली, “शिकलेल्या घरचं पोतं लगेच वळखू येते, ताई. वायर गुंडाळून, रबर लावून. अन् बॅटऱ्या आतच.”

आमच्या पोत्यातून तिला अशा सहा बॅटऱ्या मिळाल्या होत्या. मोबाइलच्या तीन, रिमोटच्या तीन. सगळ्या वाळूत होत्या.

मी दहा वाजता घरी आले. आत्याने डबी घेतली, मशीनं कानांत घातली, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि बंद केला.

“ठिबकतो आहे,” ती म्हणाली. “किती दिवसांपासून?”

मग तिने मला सगळं सांगायला लावलं. ड्रम किती, वाळू किती खोल, कोरडी की ओली, आठ दिवसच का. यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. “तू विचारलंच नाहीस,” ती म्हणाली. त्या दोन दिवसांत हे दुसऱ्यांदा.

खंडेनवमीला पाटावर डबीही होती. वरच्या बाजूला झाकणाची फट आहे म्हणून टिळा तळाला लावला. दसऱ्याला सतरा जण आले. आधीच्या दसऱ्याचा तो विद्यार्थीही आला. आत्याने त्याला जवळची खुर्ची दिली. त्याच्या बायकोला नाचणगावच्या शाळेत नोकरी लागली होती. या वेळीही तो हळूच बोलला. आत्याने गावाचं नाव घेऊन विचारलं, “नाचणगावला रोज जाणंयेणं कसं करते मग?”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या सोनं घेऊन गोदामात गेली. मी सोबत होते. अंगणात दोन माणसं हातोड्याने कूलरचे पत्रे सरळ करत होती. बाईने हात पुसून आपट्याची पानं घेतली आणि पाट पुढे केला. आत्या त्यावर बसली. तिने वाळूत हात घालून पाहिला, वाळू किती दिवसांनी बदलता ते विचारलं, फुगलेली बॅटरी आधी कशी ओळखता ते विचारलं. बाईने एक फुगलेली आणि एक साधी अशा दोन बॅटऱ्या फरशीवर ठेवून बोटाने फिरवल्या. फुगलेली भिंगरीसारखी फिरली, साधी जागेवर राहिली.

“हे मी मुलांना शिकवायला हवं होतं,” आत्या म्हणाली.

“आता शिकवा. पोट्टे घरी येतच असन तुमच्याकडे.”

निघताना बाईने आत्याच्या कानाकडे बोट दाखवलं. हातोडे चालूच होते आणि ती आवाज न चढवता बोलली.

“बाई, याचाबी सेल चार-पाच वर्षांत बसते. तवा कचऱ्यात टाकू नका. इकडे पाठवजा.”

“पाठवीन,” आत्या म्हणाली. “पिशवीला गाठ मारून.”

त्या भेटीत आत्याने तिला एकही वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं नाही.