श्यामकांतची शेवंती

श्यामकांत देवस्थळी आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. बी. ए.च्या वर्षी तो एकदम बोलायचा थांबला. का, ते मला आजही कळलेलं नाही. दोन वर्षं इस्पितळात काढून तो परतला, तोवर मी साहित्य घेऊन एम. ए. झालो होतो. त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.

१९५४ साली शहरातल्या बालीगंज भागात एका बागेत त्याला घेतलं. त्याच्यासारख्यांना तिथे माळीकाम शिकवत. मुदत एका वर्षाची. पुढे शहराबाहेर बजबजच्या रोपवाटिकेत काम मिळालं तर ठीक, नाहीतर पुन्हा घरची खोली आणि तिची खिडकी. रोपवाटिकेचे मनोहरबाबू डिसेंबरात येऊन प्रत्येकाची एक कुंडी बघणार होते.

श्यामने शेवंती लावली. एकच फूल मोठं व्हावं म्हणून बाजूच्या कळ्या खुडत राहायचं. तो खुडत राहिला. फूल बशीएवढं झालं.

मनोहरबाबू येणार होते त्या सकाळी मी त्याच्या आईला, सरलाकाकूंना, घेऊन गेलो. काकू कुंडीपाशी थबकल्या.

"मार्गशीर्षातला गुरुवार आज. देवीला असं फूल हवं बघ."

श्यामने कमरेची सुरी काढली, फूल कापलं आणि त्यांच्या ओंजळीत ठेवलं. लहानपणापासून पूजेची फुलं तोच काढायचा.

"अरे, मी नुसतं म्हटलं रे!" काकूंना रडू फुटलं.

"मग देवीला नको?"

"श्याम, आज कोण येणार आहे?" मी विचारलं.

"मनोहरबाबू."

म्हणजे आठवत होतं. मग?

मनोहरबाबू आले. बोडका देठ बघून त्यांनी बंगालीत विचारलं, "फूल कुठे?"

"आईकडे."

काकूंनी ओंजळ पुढे केली. बाबूंनी फूल बराच वेळ न्याहाळलं. मग कुंडीकडे वळले.

"आता या झाडाचं काय करणार?"

"खाली छाटणार. बुडाशी सहा फुटवे आहेत. माघात वेगळे लावणार."

बाबूंनी वाकून माती बोटाने सारली. मोजले. सहाच होते.

"सोमवारी ये. पण गुरुवारी सुरी माझ्याकडे ठेवायची."

श्याम हसला नाही. "मंगळवारी येतो. सोमवारी इथलं पाणी माझ्याकडे आहे."

"बरं. मंगळवारी."

तो झारी भरायला गेला. मी काकूंना घेऊन निघालो.

ट्राममध्ये काकूंनी फूल पदराखाली धरलं होतं.

"वाहू ना रे हे देवीला?"

मला विचारत होत्या.