आबांचा गाण्यांचा डबा

मला आवाजाचं वेड आहे. गाण्याचं नव्हे हं, आवाजाचं. हा फरक बायकोला लग्नानंतर लवकरच कळला आणि तेव्हापासून ती मला हसते. गाणं सुरू झालं की ती गाणं ऐकते आणि मी डाव्या स्पीकरमागे डोकं घालून कुठे बारीकशी घरघर येतेय का ते ऐकतो. "अहो, गाणं संपलं की बाहेर या," म्हणते आणि चहा ठेवायला निघून जाते.

हे वेड लागलं धुळ्याजवळच्या आमच्या गावात. घरी चामडी कव्हरातला एक रेडिओ होता. आबा, म्हणजे माझे वडील, शेतात जाताना तो सायकलच्या हँडलला अडकवून न्यायचे. कपाशी निंदणाऱ्या बाया एका ओळीत पुढे सरकायच्या आणि बांधावरचा रेडिओ मागे पडायचा, म्हणून मी तो उचलून पुढच्या झाडाखाली नेऊन ठेवायचो. पुढे टेप आला. धुळ्याच्या बाजारात कोरी कॅसेट देऊन गाणी भरून मिळायची. आपण गाणी सांगायची, आणि कॅसेट घरी आणली की निम्मी गाणी त्या दुकानदाराच्या आवडीची निघायची. आबा त्याला यथेच्छ शिव्या घालायचे आणि चार दिवसांनी तीच गाणी गुणगुणत दाढी करायचे. काय दिवस होते ते! मला अजून वाटतं की तसं गाणं पुन्हा कधी वाजलंच नाही. बायको म्हणते, तेव्हा तुमचे कान चांगले होते. असतीलही.

मी जळगावला पाइपांच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो आणि तिथलाच झालो. आई गेल्यावर आबा गावात एकटे पडले. जळगावला चला म्हणून मी किती डोकं फोडलं! "आठे मन्हं बठ्ठं शे," एवढं म्हणायचे, विषय संपला. माझं सगळं इथे आहे. आता यावर काय बोलणार? शेत वाट्याने दिलेलं, गुडघे कुरकुरणारे, आणि माणूस हट्टी. घरात पडले-बिडले तर कळणार कोणाला? हा किडा माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही. कामावरून आलो की बूट काढायच्या आधी आबांना फोन. जेवलात का, गोळी घेतली का. त्यांचं उत्तर लांबलचक असायचं. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणी कोणाचा बांध कोरला. मी एका कानाने ऐकायचो. आबा ठणठणीत आहेत एवढं कळलं की माझं काम झालेलं असायचं.

मग त्यांचा टेप कायमचा बसला. पट्टा मिळेना, हेड झिजलेलं. एकदा गावी गेलो तर संध्याकाळी आबा त्या बंद टेपशेजारी बसलेले. म्हटलं, आता आपली विद्या दाखवायची वेळ आली.

पत्त्यांच्या जोडाएवढा एक हिरवा बोर्ड मिळतो. दिसायला एवढासा, पण अख्खा संगणक असतो तो. त्याच्या डोक्यावर आणखी एक छोटी पाटी बसवायची. तिला डॅक म्हणतात, आकड्यांच्या रूपात साठवलेलं गाणं ती आवाजात बदलते. हे सगळं घरातल्या इंटरनेटला जोडलं की जगातलं हवं ते रेडिओ स्टेशन लागतं, शिवाय आपली साठवलेली गाणी आहेतच. तयार डबेही मिळतात, पण तयार घेण्यात काय राम आहे! मी आबांच्या कॅसेटी जळगावला आणल्या आणि एकेक करून संगणकात उतरवल्या. भजनं, लग्नातली अहिराणी गाणी, आमच्या गावच्या भजनी मंडळाची एक खरखरीत कॅसेट, ज्यात मधेच कुत्रं भुंकतं. एका गाण्याच्या आधी आईचा आवाज आहे, "चहा ठेवू का?" एवढाच. ते मी तसंच ठेवलं.

स्पीकरसाठी जाड पाइपाचे तुकडे कापले, उभे केले, वर स्पीकर बसवले आणि आवाज मोठा करायला शेजारी एक अॅम्प्लिफायर ठेवला. बायको म्हणाली, "मोरीतून गाणी येणार वाटतं." बोर्डाला खोका हवा होता, तर आमच्या विहिरीवरच्या मोटरीचा जुना स्टार्टर घरी पडलेला होता. लोखंडी डबा, त्यावर हिरवं बटन आणि लाल बटन. आतलं सगळं काढलं, घासून रंग दिला आणि बोर्ड आत बसवला. बाहेरची घरघर आत शिरू नये म्हणून लोखंड उत्तम, असं माझं गणित. झाकण लावलं आणि वायफाय गायब! अरे, लोखंडात बंद केल्यावर ते येणार कुठून? एवढा शिकलेला मी, डब्याभोवती अर्धा दिवस नाचलो. शेवटी मागून भोक पाडून साधी वायर राउटरला जोडली.

हिरवं बटन दाबलं की गाणी सुरू, असं करून मी तो डबा गावी नेला आणि तिथल्या घरीही इंटरनेट घेतलं. आबांनी ओळखलाच. "हाऊ तर आपला स्टार्टर!" म्हणाले आणि त्यावरून असा हात फिरवला की जणू बैलच परत आला. हिरवं बटन दाबलं. गावचं भजनी मंडळ सुरू झालं, कुत्रं भुंकलं, आणि आबा मान मागे टाकून हसले. त्यातले निम्मे गाणारे आता नाहीत. आबा एकेकाचा आवाज ओळखून सांगत होते, हा कोण, तो कोण. मी डोकं स्पीकरमागे घालायचं विसरलो, तेवढं एकदाच.

आठवड्याभरात डबा बंद. मी एसटीने धुळे, तिथून गाव. बघतो तर बोर्डातलं, गाणी साठवलेलं मेमरी कार्ड खराब. नवं घातलं, पुन्हा तेच. मग मी एक संध्याकाळ बसून पाहिलं तेव्हा कळलं. गाणी ऐकून झाली की आबा उठायचे आणि भिंतीवरचं बटन खाडकन पाडायचे. अहो, तो संगणक आहे, त्याला आधी नीट बंद करावं लागतं! पण आबांचं आयुष्य मोटर चालवण्यात गेलेलं. शेतात लाइट कधी जाईल, कधी येईल याचा नेम नाही. काम झालं की मेन पाडायचा, नाहीतर विहिरीवर कोणी नसताना लाइट येते, मोटर आपोआप सुरू होते आणि कोरडी फिरून जळते. त्यात डबा स्टार्टरचा! त्यांना तर तो दुसऱ्या पद्धतीने बंद करणं म्हणजे गुन्हाच वाटला असता.

"आबा, आधी लाल बटन दाबा, थोडं थांबा, मग भिंतीवरचं."

"बंद करं म्हंजे बंद," आबा म्हणाले.

मी चिडलो, पाय आपटले, पुन्हा समजावलं. काही उपयोग नाही. शेवटी हार मानली आणि बोर्डालाच वळण लावलं. कार्डावर तो काही लिहिणारच नाही, फक्त वाचेल, अशी सोय केली, मग कधीही लाइट काढा. आणि ते करता करता मला एक गंमत सुचली. आबांचा डबा सुरू झाला की जळगावात माझ्या मोबाइलवर एक हिरवा ठिपका उमटेल, बंद झाला की तो जाईल.

संध्याकाळी दिवेलागणीला ठिपका यायचा. म्हणजे आबा उठले, चालत आले, बटन दाबलं, खुर्चीत बसले. झालं की! माझा जीव भांड्यात पडायचा. मग फोनची घाई उरली नाही. रोजचा फोन दिवसाआड झाला आणि दिवसाआडचा कधी रविवारचा झाला, ते माझं मलाच कळलं नाही.

हिवाळ्यात एका संध्याकाळी ठिपका आला नाही. फोन केला, उचलेनात. पुन्हा केला, पुन्हा नाही. नको नको ते मनात आलं. मोटरसायकल काढली, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, थंडीने बोटं वाकडी झाली, आणि गावात शिरतो तर घराला कुलूप. शेजारची काकू म्हणाली, आबा मळ्यात गेलेत, भरीत पार्टी आहे. मळ्यात जाऊन बघतो तर तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, केळीच्या पानावर भरीत-पुरी, आणि आमचे आबा मध्यभागी बसून हसताहेत! मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "इथं भरीत खाता आणि तिकडे माझा जीव जातो! डबा बंद दिसला, काय समजायचं मी? रोज दिवेलागणीला तो लागतो, तो मला तिथे दिसतो, म्हणून मी जगतो!" आबांनी सरकून जागा केली. "ये, बस. भरीत खा." मी रागारागाने भरीत खाल्लं. काय सुंदर झालं होतं, तरी मी ते बोललो नाही.

त्यानंतर ठिपका एक दिवस चुकला नाही. मला वाटलं, ओरडल्याचा उपयोग झाला.

आता आमच्यासारख्या वेड्यांना चालू असलेली गोष्ट बघवत नाही. डब्यापासून अॅम्प्लिफायरला जाणारी वायर मला साधी वाटायला लागली. मी जाड, जाळीदार आवरणाची वायर स्वतः तयार केली आणि गावी गेलो. जुनी काढली, नवी लावणार, तेवढ्यात कारखान्यातून फोन, मशीन बंद पडलंय, तातडीने या. मी समोरचं सगळं पिशवीत कोंबलं आणि एसटी पकडली. पुढच्या रविवारी फोनवर विचारलं, "आबा, नवीन वायरने आवाज कसा आहे?"

"एकदम फर्स्टक्लास," आबा म्हणाले.

बघा! मी बायकोला बजावलं, बघ, आबांनाही फरक कळला. आवाजवेड्यांच्या आमच्या ग्रुपवर तर मोठा निबंध लिहिला की ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याच्या कानालाही वायर कळते. लोकांनी वर केलेले अंगठे टाकून कौतुक केलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पकड शोधायला ती पिशवी उघडली. आत दोन्ही वायरी. जुनी आणि नवीही, त्या घाईत लावायची राहिलेली.

मी तसाच मांडी घालून जमिनीवर बसलो. म्हणजे गेले कित्येक आठवडे तो डबा मुका होता. आणि ठिपका तर रोज येत होता, कालही आला होता.

दुसऱ्या दिवशी सणाला गावी गेलो. आबांना आधी कळवलं नव्हतं. बैल मिरवून गेले होते, गल्लीत गुलाल सांडला होता. दार उघडंच होतं. आबा मागच्या दारी हातपाय धूत होते. टॉवेलने तोंड पुसत आत आले, भिंतीवरचं बटन लावलं, हिरवं बटन दाबलं आणि खुर्चीत बसले. काहीच वाजलं नाही. त्यांनीही वाजायची वाट पाहिली नाही, समोरच्या परातीतल्या शेंगा सोलायला लागले. माझ्या खिशात मोबाइल थरथरला. ठिपका.

"आबा!"

त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. तरी मी बोललोच. आवाजच येत नाही तर सांगितलं का नाही? मुका डबा लावून रोज कशाला बसता?

"ऐकाले कोन लावस?" आबा म्हणाले. "तू तठे देखस, म्हनीसन लावस."

ऐकायला नव्हे, तू तिकडे बघतोस म्हणून. मग त्यांनी शेंगांची परात जरा बाजूला केली, मला बसायला जागा दिली आणि न रागावता, नुसतं सांगावं तसं म्हणाले,

"पहिले तू रोज फोन करे. आते हाऊ डबाच तुन्हासंगे बोलस."