कोऱ्या नमुन्याचं दूध

गुरांच्या खाण्यातली आणि दुधातली विषारी द्रव्यं मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. पूर्वी त्यासाठी नुसतं प्रयोगशाळेत उभं राहावं लागायचं. आता निम्मा वेळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर नऊ-दहा देशांतल्या माणसांचे चेहरे बघण्यात जातो. एका देशात चालणारं खाद्य दुसऱ्याच्या बंदरात अडकून पडतं, तेव्हा मोजायची पद्धत एक करा, धोका ठरवायची रीत एक करा, असा आमचा उद्योग आहे. हेतू उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अहवालात ‘शक्यता आहे’ लिहायचं की ‘शक्यता नाकारता येत नाही’, यावर आम्ही सलग तीन बैठका शब्दांचा कीस पाडला. तिसरी संपली तेव्हा मला फक्त कॅमेरा बंद करून टेबलावर डोकं टेकायचं होतं.

यंदा त्या मंडळींनी सगळ्यांना एकच परीक्षा दिली. एका देशातून गोठवलेल्या दुधाचे नमुने सगळीकडे गेले आणि त्यात बुरशीचं विष किती आहे ते प्रत्येकानं आपापल्या यंत्रावर मोजून कळवायचं होतं. ओल लागलेल्या पेंडीवर बुरशी येते, बुरशी विष सोडते, गाय ती पेंड खाते आणि विष थोडं रूप बदलून दुधात उतरतं. दूध कितीही उकळा, ते जात नाही. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरला धोका, आणि लहान मुलांना जास्त. हे मी इतक्या प्रशिक्षणांत सांगितलंय की सांगताना मला जांभई येते.

असं मोजताना एक कोरा नमुना लागतो. म्हणजे ज्यात विष नाही असं दूध. यंत्राला ते दाखवायचं आणि सांगायचं, हे शून्य धर. पिशवीच्या दुधावर माझा भरवसा नव्हता. आठ ठिकाणचं गोळा केलेलं दूध, कोणाच्या गोठ्यात काय चाललंय कोणाला ठाऊक? मी सरळ घरून बाटली नेली. सांडोरला आमची केळीची आणि भाजीची वाडी आहे. मी लग्न केलं नाही, त्यामुळे ते घर सुटलं नाही. वाडीत काकीची एक गाय आहे. तिच्या दुधावर भावाची दीड वर्षांची नात वाढते आहे, कारण तिची आई नोकरीवर परत गेली. घरचं दूध म्हणजे शुद्ध, हे मला तपासावंसं वाटलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी साधी चूक मी दुसऱ्या कोणाला माफ केली नसती.

निकालाच्या बैठकीत सगळ्या देशांचे आकडे एका रांगेत आले आणि आमचे तेवढे खाली. प्रत्येक नमुन्यात खाली, अगदी नेमानं. आमच्या साहेबांनी माइक बंद करून मला सांगितलं, “कुरिअरमध्ये बर्फ वितळला म्हणून कळवा आणि विषय मिटवा.” पण ही परीक्षा चालवणारी बाई मोठी चिवट. माझ्याच वयाची, माझ्याइतकीच दमलेली. तिनं हळूच विचारलं, “तुम्ही कोरं दूध कुठलं घेतलंत?”

मी सांगितलं, घरचं. आणि सांगतानाच लक्षात आलं: शून्य धरलेल्या दुधातच विष असेल, तर बाकीचे सगळे आकडे तेवढेच खाली येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्रीचं कोरं दूध मागवलं आणि घरचं दूध नमुना म्हणून यंत्रात घातलं. पडद्यावर रेघ वर चढली. पुन्हा घातलं, पुन्हा चढली. आपल्याकडची मर्यादा ओलांडून चढली. मग भावाच्या सुनेला तिच्या ऑफिसात फोन केला आणि म्हटलं, घरच्या दुधात विष सापडलंय, घरी कळव, पोरीला आजपासून ते द्यायचं नाही. ती घाबरली. मी म्हटलं, घाबरू नकोस, संध्याकाळी येऊन सांगते. त्या परदेशी बाईंना मी चार ओळींत खरं ते लिहून टाकलं. साहेबांचं तोंड वाकडं झालं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मला काकीची भीती वाटत होती.

काकी ओट्यावर बसली होती. संध्याकाळचं दूध तिनं काढलं होतं आणि चरवी तशीच झाकून शेजारी ठेवली होती. मला बघून तिनं मान फिरवली.

“माज्या गाईच्या दुदात विष हाय म्हने,” ती म्हणाली. “फोनवरनं सांगतेस. सुनेला सांगतेस. मना सांगाला तोंड नाय तुला?”

“काकी, तुला समोर बसून सांगायचं होतं.”

“मंग सांग.”

मी आधी गोठ्यामागे गेले. तिथं पेंडीची पोती होती. त्यातल्या एकाच्या तोंडाशी हिरवट भुरी दिसली. अंगणात सुपांत पेंडीचे तुकडे वाळत घातलेले होते, नीट, एकेक सुटा करून. मी परत येऊन विचारलं, “बुरशी आलेली पेंड तू गाईला घालतेस?”

“घालते. पन आदी दोन दिस उनात टाकते, मंग झाडते, मंग घालते.”

“उन्हानं विष जात नाही गं.”

काकी माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, गोंधळून. “तूच सांगितलंस ना बाय,” ती म्हणाली. “नोकरीला लागलीस त्या वर्साला. याच ओट्यावर. उनात टाक, बुरशी मरते म्हनालीस. तवापासून मी कदी वली पेंड घातली नाय. शेजारनीलापन तेच सांगितलं, आमची बाय शिकलेली हाय म्हनून.”

मला आठवेना. पण मी तसं म्हटलं असणार. तेव्हा मला तेवढंच येत होतं आणि जे येत होतं ते मी मोठ्या तोऱ्यात सांगत फिरत होते. बुरशी मरते हे खरंच होतं. विष मागे राहतं हे मी पुढे शिकले, परिषदांत बोलले, परदेशी माणसांना समजावलं. घरी येऊन सांगायचं कधी डोक्यातच आलं नाही. मला स्वतःची इतकी चीड आली की डोळे भरून आले.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “तुझं काही चुकलं नाही. चांगली कोरडी पेंड आणू, गाईनं ती खाल्ली की आठवड्याभरात दूध ठीक होईल. मी तपासून देईन. पोरगी थोडेच दिवस ते प्यायली आहे.”

काकीनं चरवी उचलली आणि दूध मोरीत ओतलं. परत येऊन बसली.

“तुजे काका,” ती म्हणाली. “दारूचा थेंब नाय घेतला जन्मात. रोज रातचं पेलाभर दूद तेवडं, माज्या हातचं. आनि गेले तवा डागदर म्हनाला लिव्हर. त्या दुदानं झालं काय गो?”

याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. हजारो माणसांत धोका किती वाढतो ते सांगता येतं, एका माणसाचं सांगता येत नाही. शक्यता नाकारता येत नाही. दहा देशांनी सही केलेलं वाक्य आहे ते, आणि त्यात खोटं काही नाही.

“नाही,” मी म्हटलं. “त्यानं नाही झालं.”

काकीनं डोळे पुसले. “मंग नसंल,” ती म्हणाली. “तू सांगतेस म्हंजे नसंलच.” आणि अंगणातली सुपं उचलायला गेली.