रोशनी पुंजा पगारे हिचं मत

पुंजा पगारे हा चर्चचा शिपाई. नाशिकरोडवरून देवळाली कॅम्पाकडे जाताना जी जुनी ख्रिस्ती वस्ती लागते, तिथल्या चर्चमध्ये त्याने तेवीस वर्षं काढली. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, लग्नाला सतरंज्या अंथरणं आणि कुणी गेलं की कबर खोदणं, अशी त्याची चार कामं. पहिल्या तीन कामांत सगळी मंडळी त्याला सूचना द्यायची. चौथ्या कामात मात्र कुणी तोंड घालत नसे, कारण ते शिकून घ्यायची कुणाला हौस नव्हती.

पंच्याण्णवच्या ऑगस्टात त्याची एकुलती एक मुलगी रोशनी काविळीने गेली. अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. पाळकसाहेब म्हणाले, "पुंजा, आज तू राहू दे. कॅम्पातून माणूस बोलावू." पुंजा म्हणाला, "तो उथळ खोदतो." आणि फावडं घेऊन गेला. सकाळी नऊला हात घातला, साडेबाराला वर आला, हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि मुलीच्या पेटीमागे बाप म्हणून चालला. रडला नाही. लोक आधी म्हणाले, धीराचा माणूस आहे. महिन्याभराने तेच लोक म्हणाले, दगड आहे. लोकांचं काय जातं बोलायला!

तो धीराचाही नव्हता आणि दगडही नव्हता. त्याला काही वाटतच नव्हतं. ताट समोर आलं की जेवायचा, वेळ झाली की घंटा वाजवायचा. मुलीचा विषय निघाला की उठून अंगणात जायचा. आपली रोशनी वारली, एवढं साधं वाक्य दीड वर्षात एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही. त्याची बायको सुलाबाई रडून रडून निदान मोकळी तरी झाली होती.

रेशनकार्डावरचं नाव सुलाबाईने कमी करून आणलं. मतदार यादीतलं नाव कमी करायला पुंजाने जायचं ठरलं होतं. ते नाव लिहून घ्यायला शाळेचे मास्तर दारात आले होते, तेव्हा रोशनीने स्वतः स्पेलिंग तपासून सही केली होती आणि नंतर आठवडाभर "आता सरकार मी निवडणार" म्हणून घरात मिरवली होती. मत द्यायची पाळी तिच्यावर आलीच नाही. पुंजा "जाईन की" म्हणायचा आणि जायचा नाही. कुठल्यातरी सरकारी कागदावर ती अजून आहे, एवढंच त्याला पुरे होतं.

मग सत्त्याण्णव उजाडलं आणि महापालिकेची निवडणूक लागली.

वस्तीचं एकच गाऱ्हाणं होतं. दफनभूमीला भिंत नव्हती. मागच्या अंगाला नवे प्लॉट पडले होते, त्यामुळे विटांचे ट्रॅक्टर सरळ कबरींच्या बाजूने वळायचे. त्यांची चाकोरी दर महिन्याला आत सरकत होती. रोशनीची कबर कडेच्या रांगेत. चाकोरीपासून तिचं अंतर चार हात राहिलं होतं. पुंजा रोज संध्याकाळी तिथे दगड लावायचा आणि रोज सकाळी ड्रायव्हर ते बाजूला फेकायचे. भांडायला तो गेला नाही. भांडायला आधी राग यावा लागतो.

एका रविवारी उमेदवार गोरक्षशेठ उपासना संपल्यावर चर्चच्या पायरीवर येऊन उभे राहिले. पायातल्या चपला लांब काढून ठेवल्या, हात जोडले आणि शंभर दिवसांत भिंत बांधून देण्याचा शब्द दिला. पंचकमिटीने त्याच दुपारी ठरवून टाकलं की वस्तीची एकगठ्ठा मतं शेठना.

पाळकसाहेबांना हे रुचलं नसावं. पुढच्या रविवारी ते उपदेशात म्हणाले, "मत ही देवाने आपल्या हाती दिलेली जबाबदारी आहे. कुणाला द्या ते मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. पण असं द्या, की घरी येऊन त्याविषयी उघडपणे प्रार्थना करता आली पाहिजे." मंडळी मोठ्याने आमेन म्हणाली आणि बाहेर येऊन तिने शेठच्या चिठ्ठ्या वाटून घेतल्या.

चिठ्ठ्या वाटत होता धनराज. पंचकमिटीचा सेक्रेटरी, अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. चर्चचं छप्पर गळलं तर दुसऱ्याला न सांगता स्वतः शिडी लावणारा. रोशनीच्या आजारपणात पहाटे रिक्षा काढून आणली ती त्यानेच. मतदानाला चार दिवस राहिले असताना तो मतदार यादी घेऊन पुंजाकडे आला. पुंजा बाकं पुसत होता.

"पुंजा, या यादीतली गेलेली माणसं कोणती, ते सांग बरं. तुझ्याइतकं कुणाला पाठ नाही."

पुंजाने सांगितली. दफनभूमीत फाटकापासून चालत गेल्यासारखी, रांगेने, अकरा नावं. धनराज पेन्सिलीने खुणा करत गेला.

"नावं नुसती पडून आहेत, ती मंडळीच्या कामी येतील. माणसं मी बघतो. भिंत शेवटी त्यांच्यासाठीच आहे ना?" मग तो जरा थांबला. "आणि रोशनी?"

पुंजा फडकं पिळत राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. धनराजने वाट पाहिली आणि बाराव्या नावापुढे खूण केली. "तिच्याच कबरीसाठी रे," तो हळूच म्हणाला, आणि हे त्याने मनापासून म्हटलं होतं.

संध्याकाळी पुंजाने बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला.

"अन् तुमी गप बसला?"

"मी काय बोलणार?"

"तोंड दिलंय ना देवानं? उद्या दुसऱ्याची पोर रोशनी म्हणून उभी ऱ्हाईल, ते बघणार तुमी?"

"भिंत हुईल," पुंजा म्हणाला.

तव्यावरची भाकरी करपली. सुलाबाई त्यानंतर मतदानापर्यंत त्याच्याशी बोलली नाही. त्याचंही पुंजाला काही वाटलं नाही.

मतदान महापालिकेच्या शाळेत होतं. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. एकदा या रांगेतलं माणूस आत घ्यायचे, एकदा त्या रांगेतलं. खोलीत बाकावर उमेदवारांची माणसं याद्या घेऊन बसली होती. शेठकडून धनराज बसला होता. पुंजा दारातून आत पाऊल टाकतो तोच त्याच्या पुढच्या मुलीची चिठ्ठी टेबलावरच्या कारकुनाने मोठ्याने वाचली.

"रोशनी पुंजा पगारे."

"हो," मुलगी म्हणाली.

पिवळी ओढणी, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, पायात नव्या चपला. पुंजाने तिला जन्मात पाहिली नव्हती. इतक्यात विरुद्ध बाजूचा माणूस ताडकन उठला.

"साहेब, माझी हरकत हाय. ही पोरगी या वस्तीतली नाय. बोगस हाय."

केंद्राचे मुख्य अधिकारी उठून आले. कुठल्याशा शाळेचे हेडमास्तर असावेत, चेहऱ्यावर तसाच त्रास होता. त्यांनी मुलीला पत्ता विचारला. तिने चिठ्ठीवर बघून सांगितला. ते आणखी काही विचारणार तेवढ्यात धनराज बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब, एवढं कशाला? तिचे वडील मागेच उभे आहेत. त्यांनाच विचारा."

पुंजा गप्प राहतो आणि गप्प राहिला की काम होतं, हे धनराजने चार दिवसांपूर्वी पाहिलंच होतं. इथे नुसती मान हलवली तरी भागणार होतं.

"तुम्ही पुंजा पगारे?"

"हो साहेब."

"ही तुमची मुलगी का?"

मुलीने मागे वळून पाहिलं. घाबरून तिचे ओठ पांढरे पडले होते. "बाबा," ती म्हणाली. तिला कुणी शिकवून पाठवलं होतं, की भीतीने तोंडातून निघालं, देव जाणे.

पुंजा तिच्याकडे बघत राहिला. उंची तेवढीच होती. वयही आता तेवढंच झालं असतं. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"नाय साहेब."

"मग तुमची मुलगी कुठे आहे?"

"वारली," पुंजा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "पंच्याण्णव सालात वारली. कबर मीच खोदली."

दारातल्या पोलिसाने मुलीचा दंड धरला तशी ती रडायला लागली. पुंजा म्हणाला, "तिला धरू नका. तिला पाठवलंय."

"कुणी?"

धनराजने मान खाली घातली. पुंजाने त्याच्याकडे बोट दाखवलं नाही.

"मेलेल्यांची नावं मी सांगितली, साहेब. अकरा. बाराव्याच्या वक्ताला गप बसलो. लिहायचं तर माझं नाव लिहा."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. बाहेर रांग ओरडायला लागली होती. त्यांनी मुलीला दम भरून घरी पाठवलं आणि पुंजाला ती अकरा नावं पुन्हा सांगायला लावली. तीन नावांवर मतं पडून गेली होती. उरलेल्या नावांपुढे त्यांनी लाल शाईने 'मयत' लिहिलं. रोशनीच्या नावापुढेही लिहिलं. पुंजाने ते अक्षर अन् अक्षर वाचलं.

"आता तुमचं मत द्यायचंय ना?" साहेबांनी विचारलं.

पुंजाने बोट पुढे केलं, मतपत्रिका घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेला आणि शिक्का मारला. कुणावर, ते आपण विचारायचं नाही, तसा कायदा आहे.

धनराज त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत आला. हातातली यादी त्याने रागाने चुरगळली होती. "तुझ्याच पोरीसाठी करत होतो ना मी? दुसऱ्या कुणासाठी होतं?"

"ठाऊक हाय भाऊ. तुमी रिक्षा आणली होती, ती पन ध्यानात हाय. पर मेलेल्या मान्सांना आता कामाला नका लावू."

भिंतीचं काय झालं तेही सांगून टाकतो. शेठ भरपूर मतांनी निवडून आले, बारा मतांची त्यांना गरजच नव्हती. शंभराऐवजी सव्वातीनशे दिवसांनी भिंत झाली, ती रस्त्याच्या बाजूने, शेठच्या नावाच्या पाटीसह. मागच्या बाजूची राहिली. ती मुद्दाम राहिली की सरकारी कामं जशी राहतात तशी राहिली, हे दोन हजार चार साली पुंजा नोकरीतून सुटला तोवर कुणाला कळलं नाही. धनराज पुढे दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. पाळकसाहेबांनी मात्र एकदा उपासनेनंतर त्याचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबून सोडला.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी पुंजा दुपारी चारच्या सुमारास घरी आला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. सुलाबाईने पाणी दिलं आणि समोर बसली. चार दिवसांनी ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"बरं केलं तुमी. मंडळीसमोर, सायबासमोर खरं बोलला. देव बघतो."

पुंजाने तांब्या खाली ठेवला. त्याची हनुवटी थरथरायला लागली. सुलाबाईने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, मातीच्या दिवशीसुद्धा नाही. ती जवळ सरकली.

"भिंतीसाठी नाय गं, सुला," तो म्हणाला. "तिनं वळून बाबा म्हणलं ना, तवा हो म्हणायचं लय मनात आलं होतं."