बदाम मी बोललो होतो

"काका, पत्ते खाली मांडा. डाव मी खेळतो."

माझ्या समोर बसलेल्या भिडूने हे सर्वांदेखत सांगितले. एका कंपनीतून निवृत्त झालेले साहेब. माणमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात नवशिक्यांसाठी ब्रिजचा वर्ग चालू होता.

आता सोसायटीत सांगतात, म्हातारा हरला, चिडला आणि उठून गेला. त्यातले चिडणे तेवढे खरे.

ब्रिज चौघांचा, समोरासमोरचे दोघे भिडू. बोली जिंकणाऱ्या जोडीत ज्याने हुकमाचे नाव आधी घेतले, त्याने डाव खेळायचा. त्याच्या भिडूने पत्ते उघडे मांडून मुकाट बसायचे. त्याला डमी म्हणतात. वर्ग घेणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलेला नियम. बदाम मी बोललो होतो. साहेबांनी माझाच बदाम धरून बोली वाढवली होती आणि ती बोली आमच्याकडेच राहिली होती. मुकाट बसणे त्यांच्या वाट्याचे होते.

मी मॅडमकडे पाहिले.

"असू द्या हो काका. ते खेळतील, तुम्ही बघून शिका."

"मेंढीकोट नाही हा," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

"शेतकरी कोट्यातले आहेत," साहेब म्हणाले. "सांभाळून घ्या."

सगळे हसले.

पाठीला भिंत, पोटाला टेबल. उठलो असतो, तर चौथ्याविना डाव मोडल्याचा दोष माझा. बसलो, तर डमी. आणि हे क्लबहाउस जिथे उभे आहे, तिथे माझे भातखाचर होते. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाला, तोच तो कोटा. त्या व्यवहाराच्या बैठकीतही मला सांगितले होते, तुम्ही फक्त बसा. मी बसलो होतो.

पत्ते छातीशी धरले. तोंडात गावची बोली आली.

"बदाम म्या बोललोय. पत्ते तुमी मांडा."

"अहो, खेळ आहे हा! एवढं काय त्यात?" साहेब म्हणाले.

"खेळच हाय. मग नेमानं खेळा."

कोणी हलेना. मीही हललो नाही. शेवटी साहेबांनी पत्ते टेबलावर फेकले आणि ते निघून गेले. उठले ते. आणि जो डाव खेळलाच गेला नाही, तो मी हरलो कसा?

घरी सून म्हणाली, "मामंजी, कशाला जाताय परत? तितं कोन हाय आपलं?"

कोणी नाही. मॅडमचा निरोप आहे, रविवारी या, बाजूला बसून बघा. मी बघायला जाणार नाही. त्याच खुर्चीत बसेन. बोललो, तर खेळेन. डमी होण्याची पाळी नियमाने आली, तर मुकाट बसेन. कोणाच्या सांगण्यावरून पुन्हा बसणार नाही.