पडेगावातून हललेली टायरची भट्टी

नुकसान झालं आमच्या शेजारच्या खालाचं. गेल्या रमजानात, विसाव्या रोज्याला, सकाळी दहाच्या सुमारास. ईदसाठी हातानं वळलेल्या शेवया तिनं पडेगावातल्या आपल्या गच्चीवर दोऱ्यांवर वाळत टाकल्या होत्या. या शेवया विकूनच तिचं घर पुढचे काही महिने चालतं. वारा फिरला आणि अर्ध्या तासात सगळ्या शेवयांवर काजळी बसली.

"धोऊं क्या इनकू?" तिनं मला विचारलं. शेवया कुणी धुतं का?

काजळी आली मागच्या शेडमधून. तिथं भट्टीत जुने टायर तापवून तेल काढतात. टायर समुद्रापलीकडून येतात. तिकडच्या सरकारांनी कायदे केले: टायर उघड्यावर टाकायचे नाहीत, जाळायचे नाहीत. त्यांची तिथं नीट विल्हेवाट लावणं महाग, जहाजात भरून इकडं धाडणं स्वस्त. मग त्यांची हवा कागदावर साफ, आणि धूर खालाच्या गच्चीवर.

मी पत्रकं छापली, गल्लीभर सह्या घेतल्या. पहिली सही खालाची. आम्ही शेडवर मोर्चा नेला. मालकानं आधी चहा मागवला. निम्म्या मोर्चाचा रोजा होता, हे त्याच्या ध्यानातच नाही.

"चहा राहू द्या, फिल्टर बसवा," मी म्हटलं.

"ताई, मी बसवतो. बाजूच्या जिल्ह्यातला बसवतो का? नाही. मग माझं तेल महाग, त्याचं स्वस्त. टायर पाठवणारा तरी फिल्टरचा खर्च देतो का? सगळ्यांना एकदम बसवायला लावा, पहिला मी बसवतो."

मला संताप आला. बोलला तो स्वार्थापोटीच, पण खोटं बोलला नाही. त्याला उत्तर माझ्या पत्रकात नव्हतं. पत्रकात एकच मागणी होती, तीच मी पुढं केली: भट्टी इथून हलवा.

तो लगेच तयार झाला. "पिशोरकडं नेतो. मग तर झालं?" पिशोर आमच्यापासून लांबचं गाव, म्हणून टाळ्या पडल्या. खालानं मला कोपरानं ढोसलं. "पिशोरकडके लोकां क्या हवा नै खाते?"

"खाला, आधी आपलं तर निघू दे," मी म्हटलं. हे मी बोलले, आणि ते आता मागं घेता येत नाही.

मे महिन्यात त्या बाजूला गेले. नवी शेड रस्त्यावरूनच दिसली. लगतच्या शेतात एक बाई जनावरांच्या हौदावरची काळी साय फडक्यानं ओढून काढत होती.

कुठून आले ते मी सांगितलं. "पडेगावची व्हय तू?" ती म्हणाली. "मालक सांगत व्हता, तिथल्या लोकांनी लई मागणी केली म्हणून हितं आलो. म्हशी तोंड लावंनात पाण्याला."

पत्रकं मी पिशवीतून काढलीच नाहीत. जहाजं भरणाऱ्या देशांनी जे केलं तेच आम्ही केलं, फक्त ट्रकनं.

घरी येऊन खालाला सगळं सांगितलं. तिनं पेन माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणाली, "फिरसे लिख, बेटा. सही मैं करतूं."

नवं निवेदन लिहिलंय. एका गल्लीच्या सह्यांनी त्याचं काही होणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या दारात कुणी निवेदन आणलं आणि त्यात नुसतं ‘इथून हलवा’ असलं, तर सही करू नका. प्रत्येक जिल्ह्यातल्या प्रत्येक भट्टीला फिल्टर, आणि त्याचा खर्च टायर धाडणाऱ्यांकडून, हे आधी लिहायला लावा. मगच पेन हातात घ्या.